पानातली पेशी सुटी होते तेव्हा

मुरुडच्या आगरांत माड-पोफळींच्या सावलीला, पाटाच्या कडेने अळू माजलेलं असतं. त्याच्या पानावर पाणी ठरत नाही, हे इथल्या पोरांना शाळेत जाण्याआधीच कळलेलं असतं. पावसाचा थेंब पडतो, मण्यासारखा गोळा होतो, वाटेतली धूळ उचलतो आणि घरंगळून जातो. दापोली तालुक्याच्या या किनारपट्टीवर पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. एवढ्या पावसातही अळवाचं पान कोरडं राहतं, ते त्याच्या अंगावरच्या मेणाच्या सूक्ष्म खडबडीत थरामुळे. बॉन विद्यापीठातले विल्हेल्म बार्थलॉट आणि क्रिस्टोफ नाइनहुइस यांनी 1997मध्ये कमळ, अळू अशा पानांची ही स्वतःला धुऊन घेण्याची तऱ्हा सविस्तर मांडली, आणि पानाचा पृष्ठभाग म्हटलं की तेव्हापासून बहुतेकांना हेच उदाहरण आठवतं.

पण पानाला आणखी एक पृष्ठभाग असतो. तो आत असतो, डोळ्यांना दिसत नाही, आणि बाहेरच्यापेक्षा कितीतरी मोठा असतो.

पान आडवं कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर वरच्या आणि खालच्या त्वचेच्या मध्ये हिरव्या पेशींची वस्ती दिसते. वरच्या बाजूला खांबांसारख्या उभ्या, दाटीने लागलेल्या पेशी, आणि खाली वेड्यावाकड्या, एकमेकींना जेमतेम टेकलेल्या पेशी. त्यांच्यामध्ये हवेच्या पोकळ्या असतात. पर्णरंध्रांतून आत आलेली हवा या पोकळ्यांतून फिरते आणि पेशींच्या ओल्या भिंतींना लागते. कार्बन डायऑक्साइड आधी त्या ओलीत विरघळतो, मग भिंत आणि पटल ओलांडून हरितलवकापर्यंत पोचतो. हवेला उघड्या असलेल्या या सगळ्या पेशीभिंतींचं क्षेत्रफळ मोजलं, तर सामान्य पानात ते पानाच्या एका बाजूच्या क्षेत्रफळाच्या साधारण 10 ते 40 पट भरतं. बाहेरून पाणी झटकून टाकणारं अळवाचं पान आतून पाण्याला घट्ट धरून असतं. झाडाचा हवेशी खरा व्यवहार होतो तो इथे, सुट्या-सुट्या पेशींच्या अंगावर.

या पेशीच्या अंगाचे गुण कोणते? ते कळायचे तर पेशी शेजारणींपासून वेगळी करावी लागते. आणि वेगळी करायची तर आधी ती कशाने चिकटली आहे, ते पाहायला हवं.

पेक्टिनचा सांधा

वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवती भिंत असते. सेल्युलोजचे धागे हा तिचा ताणाला टिकणारा भाग. त्यांच्यामध्ये इतर शर्करांच्या साखळ्या आणि पेक्टिन भरलेलं असतं. दोन शेजारी पेशींच्या भिंतींमध्ये जो पातळ सांधा असतो, तो मुख्यतः पेक्टिनचाच. जॅम आणि जेली घट्ट करणारा पदार्थ तोच.

पेक्टिन म्हणजे गॅलॅक्ट्युरॉनिक आम्लाच्या रेणूंची लांब साखळी. या रेणूंवर कार्बोक्सिल गट असतात. पाण्यात त्यांतले बरेच गट आपला हायड्रोजन आयन सोडून देतात आणि स्वतः ऋणप्रभारित होतात. सारखे प्रभार एकमेकांना दूर ढकलतात, म्हणजे अशा दोन साखळ्यांनी खरं तर जवळ यायला नको. पण मध्ये कॅल्शियम आला, की चित्र पालटतं. कॅल्शियमच्या आयनावर दोन धनप्रभार असतात, त्यामुळे तो एका वेळी दोन्ही साखळ्यांना धरतो. असे असंख्य कॅल्शियम आयन ओळीने बसले, की सांधा पक्का होतो. ही गोष्ट पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे. वनस्पतीच्या पेशीचा पृष्ठभाग मुळात ऋणप्रभारित आहे, आणि कॅल्शियम त्याला ताब्यात ठेवतो.

स्वयंपाकघरात हे रसायनशास्त्र रोज वापरलं जातं. पेठा करताना कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या निवळीत ठेवतात, म्हणून त्या पाकात शिजूनही मोडत नाहीत. निवळीतला कॅल्शियम पेक्टिनच्या साखळ्या बांधून टाकतो. भाजी अर्धीकच्ची असताना चिंच किंवा आमसूल घातलं तर ती लवकर शिजत नाही, कारण आंबटपणामुळे पेक्टिनच्या साखळ्या तुटण्याचा वेग मंदावतो. उलट सोड्याने भाजी गाळ होते. अळवाचं फदफदं करताना पानं उकळून घोटतात, तेव्हा उष्णतेने पेक्टिन विरघळतं, सांधे सुटतात आणि पेशी एकमेकींपासून निखळतात. फदफद्याचा तो गुळगुळीतपणा बऱ्याच अंशी सुट्या झालेल्या पानपेशींचा आहे. आमसूल-चिंच तिथे लागते ती घशाची खवखव टाळायला. अळवाच्या काही पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांच्या जुड्या असतात, आणि खवखवीला त्या कारण होतात.

हेच काम निसर्गात जीवाणू आणि बुरशा करतात. पुस्तकात ठेवायला म्हणून पिंपळाचं पान पाण्यात कुजत घालतात. काही दिवसांनी हिरवा मगज निघून जातो आणि शिरांची जाळी उरते. मगज म्हणजे त्या हिरव्या पेशीच. पाण्यातल्या सूक्ष्मजीवांची विकरं त्यांचा पेक्टिनचा सांधा खाऊन टाकतात, आणि शिरांच्या चिवट भिंती मागे राहतात. काथ्यासाठी नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात मुरवतात, तिथेही धागे मोकळे होतात ते पेक्टिन सडल्यामुळे.

मात्र फदफद्यातली पेशी मेलेली असते आणि कुजलेल्या पिंपळपानातलीही. पृष्ठभागाचा अभ्यास करायचा तर पेशी जिवंत सुटली पाहिजे.

जिवंत पेशी सुटी करण्याची धडपड

ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ गॉटलीब हाबरलांट यांनी 1902 साली पानातल्या सुट्या पेशी पोषक द्रावणात वाढवण्याचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पेशी कित्येक आठवडे जगल्या, आकाराने वाढल्या, त्यांच्यात स्टार्च साठला, पण एकीचंही विभाजन झालं नाही. वनस्पतींची वाढीची संप्रेरकं तेव्हा कोणाला माहीतच नव्हती. तरीही प्रत्येक सुट्या पेशीत पूर्ण झाड घडवण्याची क्षमता असावी, हा त्यांचा तर्क पुढच्या संशोधकांना पुरून उरला.

भारतात या विषयाला एक साधी वाट सापडली ती मदुराईत. ए. ज्ञानम आणि जी. कुलंदैवेलू यांनी 1969मध्ये दाखवलं, की योग्य द्रावणात पानं खलबत्त्याने हलक्या हाताने घोटली आणि गाळली, तर बऱ्याच वनस्पतींच्या हिरव्या पेशी धडधाकट सुट्या मिळतात आणि सुटल्यावरही प्रकाशसंश्लेषण करत राहतात. महागडी विकरं लागत नाहीत. सगळ्याच पानांना ही युक्ती लागू पडत नाही. पेशी एकमेकींना जिथे मोजक्याच जागी टेकलेल्या असतात तिथे ती साधते, आणि दाट सांध्यांच्या पानांत घोटण्याने पेशी फुटतात.

खरी क्रांती विकरांनी केली. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या एडवर्ड कॉकिंग यांनी 1960मध्ये बुरशीपासून मिळवलेल्या सेल्युलेज या विकराने टोमॅटोच्या मुळांतल्या पेशींची भिंत विरघळवली. जपानच्या इतारू ताकेबे आणि सहकाऱ्यांनी 1968मध्ये तंबाखूच्या पानासाठी ही रीत दोन टप्प्यांत बसवली. पानाची खालची त्वचा सोलून काढायची, पेक्टिन खाणाऱ्या विकरात पान ठेवून पेशी सुट्या करायच्या, मग सेल्युलेजमध्ये ठेवून त्यांची भिंतही काढून टाकायची. पेक्टिन खाणारं विकर मिळालं रायझोपस बुरशीपासून, सेल्युलेज मिळालं ट्रायकोडर्मापासून. दोघीही सडत्या वनस्पतींवर जगणाऱ्या. पान कुजवण्याचं त्यांचं कसबच प्रयोगशाळेने उसनं घेतलं, फक्त वेळ आणि प्रमाण काटेकोर ठेवलं. एक ग्रॅम पानातून अशा काही दशलक्ष पेशी मिळू शकतात.

भिंत गेल्यावर

भिंत काढलेल्या पेशीला प्रोटोप्लास्ट म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली तो पाहणाऱ्याच्या पहिल्यांदा लक्षात येतो तो त्याचा आकार. पानात ही पेशी खांबासारखी उभी होती किंवा वेडीवाकडी होती. भिंत जाताच ती पूर्ण गोल होते. एका मिलिमीटरच्या अंतरात असे 20-30 हिरवे गोळे ओळीने मावतील. पेशीचा आकार हा भिंतीने दिलेला होता, हे इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कुठल्याच प्रयोगात दिसत नाही. नुसतं पटल उरलं, की ते कमीत कमी क्षेत्रफळाचा, म्हणजे गोलाचा आकार घेतं.

दुसरी गोष्ट, हा गोळा साध्या पाण्यात टाकला तर फुटतो. पेशीच्या आत क्षार आणि शर्करा दाट असतात, त्यामुळे परासरणाने पाणी आत शिरत राहतं. भिंत असते तेव्हा ती हा दाब सोसते. ताठ पानातल्या पेशीतला दाब बहुतेकदा 3 ते 10 वातावरणांइतका असतो, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त. ऊन लागून अळू मान टाकतं तेव्हा हाच दाब उतरलेला असतो. प्रोटोप्लास्टला ही भिंत नाही, म्हणून त्याला मॅनिटॉलसारख्या शर्करा-अल्कोहोलच्या पुरेशा दाट द्रावणात ठेवावं लागतं.

तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, ती मोजावी लागते. प्रोटोप्लास्ट असलेल्या द्रावणात विजेचं क्षेत्र लावलं, की ते धन ध्रुवाकडे सरकू लागतात. म्हणजे भिंत काढली तरी आतलं पटलही ऋणप्रभारितच आहे. पटलातल्या स्निग्ध रेणूंचे फॉस्फेट गट आणि प्रथिनांचे कार्बोक्सिल गट हा प्रभार पुरवतात. सरकण्याच्या वेगावरून पृष्ठभागाच्या विद्युत विभवाचा अंदाज करता येतो. पानातल्या पेशींच्या प्रोटोप्लास्टसाठी तो साधारण उणे 10 ते उणे 30 मिलिव्होल्टच्या घरात येतो. आकडा लहान वाटतो, पण इतक्या सूक्ष्म अंतरावर तो पुरतो. दोन प्रोटोप्लास्ट द्रावणात शेजारी आले तरी आपणहून चिकटत नाहीत, त्यामागे ही परस्परांना ढकलण्याची प्रवृत्ती आहे. द्रावणात कॅल्शियम वाढवत नेला, की हे विभव शून्याकडे झुकतं. तोशियुकी नागाता आणि गेऑर्ग मेल्खर्स यांनी 1978मध्ये हे मोजून मांडलं आणि पेशी एकमेकींना चिकटण्याशी त्याचा संबंध जोडून दाखवला.

विषाणू, पूल आणि संयोग

या ऋणप्रभाराने संशोधकांना आधी अडवलं, मग वाट दाखवली.

तंबाखूचा मोझॅइक विषाणू पानावर चोळला, की जखमेतून पेशीत शिरतो. पण सुट्या प्रोटोप्लास्टांच्या द्रावणात तो नुसता मिसळला तर संसर्ग क्वचितच होतो. विषाणूच्या कणाचा बाहेरचा भागही ऋणप्रभारित असतो. ताकेबे आणि योशियाकी ओत्सुकी यांनी 1969मध्ये द्रावणात पॉली-ऑर्निथिन घातलं. ती धनप्रभारित लांब साखळी आहे. विषाणू आणि पेशी या दोघांमध्ये तिने पूल बांधला, आणि बहुसंख्य पेशींना एकाच वेळी संसर्ग झाला. विषाणू पेशीत कसा वाढतो, त्याचं वेळापत्रक काय, हे पहिल्यांदाच लाखो पेशींत एकाच घड्याळावर पाहता आलं.

मग प्रश्न आला दोन वेगळ्या वनस्पतींच्या पेशी जोडण्याचा. वेगळ्या जातींचा संकर परागकणांनी होत नसेल, तर त्यांच्या नग्न पेशीच एकत्र करता येतील का? पीटर कार्लसन आणि सहकाऱ्यांनी 1972मध्ये सोडियम नायट्रेटच्या मदतीने तंबाखूच्या दोन जाती अशा जोडून रोप उभं केलं. विल्फ्रीड केलर आणि मेल्खर्स यांनी 1973मध्ये भरपूर कॅल्शियम, खूप अल्कधर्मी द्रावण आणि 37 अंश तापमान यांचा मेळ घातला. 1974मध्ये कॅनडात काओ आणि मिखायलुक यांनी पॉलिएथिलीन ग्लायकॉल वापरलं, आणि ती रीत सर्वत्र रुळली. प्रत्येक रीतीत सूत्र एकच, दोन ऋण पृष्ठभागांमधलं दुराव्याचं बळ मोडायचं आणि पटलांना एकमेकांत मिसळण्याइतकं जवळ आणायचं. मेल्खर्स यांनी 1978मध्ये बटाटा आणि टोमॅटो यांचा असा संकर केला. तो झाला, पण जमिनीखाली भरघोस बटाटे आणि वर टोमॅटो असं झाड काही मिळालं नाही. पृष्ठभागावरचा अडथळा काढता आला. दोन परक्या गुणसूत्रसंचांचा संसार मात्र आत जमला नाही.

पृष्ठभागावर प्रभाराखेरीज शर्करांच्या लहानमोठ्या साखळ्याही असतात. त्या ओळखण्याचं एक हत्यार अबईच्या सख्ख्या बहिणीत सापडलं. अबईच्याच प्रजातीतल्या परदेशी शेंगेच्या बियांतून जेम्स समनर यांनी 1919मध्ये कॉन्कॅनाव्हालिन-ए हे प्रथिन वेगळं केलं होतं. मॅनोज आणि ग्लुकोज यांसारख्या शर्करांना ते धरून बसतं. वनस्पतींच्या प्रोटोप्लास्टांत ते मिसळलं, की गोळ्यांचे पुंजके होतात. म्हणजे नग्न पटलावरही शर्करांच्या खुणा आहेत. पेशी कोणाला ओळखते, कोणाला धरते, याचे धागे या खुणांत आहेत.

खाऱ्या वाऱ्याचा हिशेब

मुरुडच्या किनाऱ्यावर सुरूच्या रांगांपलीकडे लगेच वाड्या लागतात. पावसाळी वाऱ्याबरोबर समुद्राचे तुषार थेट पानांवर येतात. समुद्राच्या एक किलो पाण्यात सोडियम सुमारे 10.8 ग्रॅम असतो आणि कॅल्शियम सुमारे 0.4 ग्रॅम. पेशीच्या ऋण पृष्ठभागासाठी हा फरक निर्णायक ठरतो. सोडियमवर एकच धनप्रभार असतो, त्यामुळे तो दोन साखळ्यांना किंवा दोन फॉस्फेट गटांना सांधू शकत नाही. पण त्याची संख्या एवढी मोठी असते, की कॅल्शियमला तो जागेवरून हुसकावतो. कपाशीच्या मुळांच्या पेशींवर सोडियम पटलावरच्या कॅल्शियमची जागा घेतो, हे 1985मध्ये क्रेमर, लॉखली आणि पोलितो यांनी दाखवलं. कॅल्शियम हलला, की पटल गळकं होतं, पोटॅशियम बाहेर झिरपतो आणि सोडियम आत शिरतो. बाहेरून जास्तीचा कॅल्शियम दिला तर हे नुकसान आवरतं. खारवट जमिनीत जिप्सम घालतात. त्याने मातीतला सोडियम विस्थापित होतो आणि निचऱ्याबरोबर वाहून जातो. मुळांच्या पेशींनाही त्यातल्या कॅल्शियमचा आधार मिळतो.

खाडीच्या काठचं तिवर यावर वेगळा उपाय करतं. मुळाशीच बरंचसं मीठ अडवूनही जे पानांत येतं, ते पानावरच्या क्षारग्रंथींतून बाहेर टाकतं. कोरड्या दिवसांत तिवराचं पान चाटून पाहिलं तर खारट लागतं. बाहेरचा पृष्ठभाग वापरून ते आतल्या पेशींचा पृष्ठभाग वाचवतं.

भिंत पुन्हा उभी राहते

प्रोटोप्लास्टला योग्य द्रावणात ठेवलं तर तो फार काळ नग्न राहत नाही. काही तासांतच पटलावर सेल्युलोजचे धागे विणले जाऊ लागतात. दिवस-दोन दिवसांत गोळ्याभोवती नवी भिंत दिसू लागते. नागाता आणि ताकेबे यांनी 1970मध्ये तंबाखूच्या पेशींत हे आणि त्यानंतरचं विभाजन पाहिलं. 1971मध्ये ताकेबे, लाबिब आणि मेल्खर्स यांनी अशा पेशींपासून पूर्ण रोपं उभी केली. हाबरलांट यांचा 1902चा तर्क पानाच्या एकेकट्या पेशीने खरा करून दाखवला.

भिंत तुटणं हीसुद्धा पेशीला मिळालेली खबर असते. रोगकारक बुरशी पेक्टिनवर विकरं सोडते, तेव्हा साखळीचे 10 ते 15 रेणूंचे तुकडे निपजतात. अमेरिकेत पीटर अल्बरशाइम यांच्या गटाने 1980च्या सुमारास दाखवलं, की हे तुकडेच झाडाला धोक्याचा इशारा देतात आणि पेशी बुरशीविरोधी द्रव्यं तयार करू लागते. पोफळीवर कोळेरोग येऊ नये म्हणून बागायतदार पावसाआधी घोसांवर मोरचूद-चुन्याची फवारणी करतात. तांबं बुरशीला बाहेरच मारतं. ती वाचून आत शिरलीच, तर पुढची झुंज पेशीच्या भिंतीवर होते.

पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा तोच जुना उपाय आज जनुक संपादनाला कामी येतो. 2015मध्ये कोरियातल्या संशोधकांनी तंबाखू, भात, लेट्यूस यांच्या प्रोटोप्लास्टांत क्रिस्परची प्रथिनं अशीच आत घातली. लेट्यूसमध्ये तर संपादित पेशींपासून पूर्ण रोपंही वाढवली. पृष्ठभाग ओलांडण्याचं तंत्र आता माणसाच्या हाती आहे. पण माड आणि पोफळी यांच्या पानातल्या पेशीपासून झाड वाढवणं अजून रुळलेलं नाही. गवतकुळातल्या भात-मक्याच्या पूर्ण वाढलेल्या पानातल्या पेशीही याबाबतीत हट्टीच आहेत. म्हणून मुरुडच्या वाडीत नवा माड लावायचा तर आजही पक्का नारळ निवडून तो रुजवावा लागतो. पृष्ठभागाचे नियम पुष्कळसे सर्व पानांना सारखे आहेत. ऋणप्रभार, कॅल्शियम, पेक्टिन हे तंबाखूत, अळवात आणि माडातही आहेतच. वेगळं आहे ते भिंत पुन्हा उभारल्यानंतरचं, म्हणजे कोणती पेशी पुन्हा विभाजनाला तयार होते आणि कोणती होत नाही. सुट्या पेशीने पहिला भाग उलगडून दिला. दुसऱ्या भागासाठी संशोधकांना पटलाच्या आत, केंद्रकापर्यंत जावं लागतं.